तांबडीच्या गळ्यातला डबा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

वाचणाऱ्या, मागचं पान तू विसरला असशीलच. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर धुंडणाऱ्यातला दिसते तू. म्हणून पुन्हा सांगतो — बोलणारी मी, कोकिळाबाई. लिहिणारी माही नात खुशी. मले अक्षर येत नाही, पण खुशीनं शब्द खाल्ला तं तिच्या तोंडावरून समजते.

आज शहरातल्या एका संस्थेचं पोरगं आलं, अंकुर नावाचं. गाय रवंथ करताना ढेकर देते, त्या वायूनं जगाची हवा तापते म्हणे. ढोराले पावडर चारायची अन् वायू किती कमी झाला ते मोजायचं. आमच्या तांबडीच्या गळ्यात डबा बांधला, नळी नाकापाशी. मी म्हणली, "ढेकरच मोजायचे तं आमच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांध. जेवण झाल्यावर ये." पोरगं लाजलं.

४ डिसेंबर, बुधवार

सेवादास आमचा गायकी, म्हणजे गुराखी; गावची ढोरं रानात चारते. रोज सांजेले डबा पाहूनच घरी जाते. त्याचं पोट त्या डब्यावर हाय. वायू कमी भरला तं ढोरं रानात चरतील, नाही तं गोठ्यात बांधून चारा, असं संस्थेचं म्हणणं. मंग गायकी कायले पाहिजे?

"मावशी, बावीस वर्षांत एक वासरू हरवलं नाही माह्या हातून."

"वासरू आपल्या पायानं घरी येते रे. डब्याले पाय नाहीत."

हसला. त्याले चिडवल्याबिगर मले चहा गोड लागत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

पट्ट्यानं तांबडीची मान सोलली. अंकुरले फोन लावला. "आजी, अजून पाचच दिवस." मान काय त्याची हाय?

९ डिसेंबर, सोमवार

ढोरं घरी आली. सेवादास यायच्या आधी मी डबा सोडला, मानेले हळद-तेल लावलं. डबा कापसाच्या ढिगात खुपसला. तो आला. मी तोंड एवढंसं करून म्हणली, "रानातच पडला असंन, बापा."

त्याचं तोंड उतरलं. "नाल्यापाशी झुडपात घुसलती तांबडी," म्हणला अन् निघाला.

वाटलं, तो आधी घरी जाईन, बॅटरी घेईन. तवर मी चहा ठेवून त्याले हाक मारतो. महिन्याभरापासून वाघ फिरून राह्यला, दिवस बुडताना रानाकडे कोणी जात नाही.

चहा झाला. हाक मारली. गल्लीत कोणी नव्हतं.

म्हाताऱ्याले पाठवलं. चौघं गेले. डब्याचं सांगितलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी सापडला, नाल्यापाशी. पंचफुलाले, त्याच्या बायकोले, नुसता चेहरा दाखवला. बाकीचं झाकून आणलंतं.

११ डिसेंबर, बुधवार

लोकं अंकुरवर तुटून पडले. "तुह्या डब्यानं माणूस खाल्ला." पोरगं हात जोडून उभं. मोजणी बंद. सगळ्या गाईंच्या गळ्यातले डबे काढले. एक कमी भरला. रानात हरवला, असं त्यानं कागदावर लिहून घेतलं.

मी ओट्यावर होती. सत्तर वर्षांत हे तोंड बंद राह्यलं नाही, आज राह्यलं.

खुशीचा हात थांबला. लिही म्हणलं. माह्याकडे पाहू नको, कागदाकडे पाह्य.

१२ डिसेंबर, गुरुवार

तांबडीची मान सुकून राह्यली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

डबा ढिगातून काढला, पदरात घेतला. पंचफुलाकडे चालली. आधी तिले सांगतो, मंग चावडीत. तिनं हाकललं तं अंगणात बसीन.

खुशे, तिच्या घरी तीन दिवसांपासून चूल नाही. दुपारी ज्वारीच्या भाकरी अन् तुरीचं वरण पाठव. तिखट टाकू नको, रडून तिचा घसा बसला. तांबडीचं दूध नको. भाकरी चार कर — दोन तिच्या, दोन तिच्या पोरीच्या. माही त्यात धरू नको.