हिरव्या शाईचा फॉर्म

६ फेब्रुवारी
एकदाची प्रश्नावली मंजूर! मार्गदर्शक बाईंनी चार वेळा खोडली, पाचव्यांदा सही केली. विषय — तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल विद्यार्थिनींना काय माहीत आहे, काय वाटतं. दोनशे फॉर्म. बाईंचा दम — "सगळे फॉर्म परत येईपर्यंत कुणालाही उत्तर सांगायचं नाही. जिवलग मैत्रिणीलासुद्धा. नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात!" वाचायचेही नाहीत. आला फॉर्म की पाकिटात घालून चिकटवायचा.

८ फेब्रुवारी
हॉस्टेलचा पहिला मजला उरकला. 'अशी गोळी घेणारी मुलगी चांगल्या वळणाची नसते' — या वाक्यापुढे 'सहमत'वर खूण करताना एकीनं आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. दुसरी म्हणे, "आम्हाला कशाला देता बाई? आमचं तसलं काही नाही!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

१० फेब्रुवारी
चिमणी — माझ्याच खोलीतली, दुसऱ्या वर्षाची, मला ताई म्हणणारी — फॉर्म घेऊन तासभर पलंगावर बसली होती. हातात तेच हिरव्या शाईचं पेन. "कुठल्या साहेबाचं ढापलंस गं?" म्हणून रोज चिडवते मी तिला. आज हसली नाही.
म्हणाली, "ताई, ती गोळी नक्की कधी घ्यायची असते?"
"कॉपी करतेस होय! येईल ते लिही."
"सांग ना गं. फक्त एवढंच."
"नियम म्हणजे नियम. महिनाभरानं सगळ्यांना सांगणारच आहे."
तिनं काहीतरी लिहिलं आणि फॉर्म घडी घालून दिला. मी लगेच चिकटवला. माझं मलाच कौतुक वाटलं. बाईंना सांगायला हवं!

२७ फेब्रुवारी
एकशे बेचाळीस झाले. चिमणीचं जेवणात लक्ष नाही. विचारलं तर म्हणे, परीक्षेचं टेन्शन.

१४ मार्च
सकाळी बाथरूमची कडी आतून. हाका मारमारून घसा बसला. शेवटी वॉचमननं दार तोडलं. चिमणी फरशीवर — रक्तात!
पाळी चुकल्यावर तिनं ती गोळी घेतली होती म्हणे. उपयोग झाला नाही. मग कुणीतरी दिलेल्या कसल्याशा गोळ्या घेतल्या, कुणालाही न विचारता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जीव वाचला हेच नशीब. संबंध आल्यावर लगेच, तीन दिवसांच्या आत आली असती, तर बहुतेक एका गोळीत भागलं असतं."
एका गोळीत!

१९ मार्च
तिचे वडील आले. गादी गुंडाळली, कपडे भरले. मी पुस्तकं पुढे केली तर म्हणाले, "राहू देत. आता लागायची नाहीत." चिमणीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
अगं वेडे, एका शब्दानं विचारायचं होतंस! हाच विषय घेऊन बसलेय ना मी? हाताच्या अंतरावर माझा पलंग. इतकी का परकी होते मी तुला? राग राग येतो तुझा. आणि मग रडू आवरत नाही.

२३ मार्च
तिचा फोन बंद. आजही.

२ एप्रिल
दोनशे पूर्ण झाले. पाकिटं फोडली. हिरवी शाई एकाच फॉर्मवर.
गोळी कधी घ्यावी? — 'पाळी चुकल्यावर' आणि पुढे प्रश्नचिन्ह.
गरज पडल्यास कुणाला विचाराल? — डॉक्टर, औषधाचं दुकान, इंटरनेट, मैत्रीण... सगळ्यांवर काट मारलीय. खाली लिहिलंय —
'ताईला. आत्ताच विचारते.'