रजिस्टरातलं माझं अक्षर

आणि दादा, "लिहून टाक रजिस्टरात, तुझ्या बापाचं काय जातं" हे फोनवर पुन्हा ऐकवू नकोस. बाप आपला दोघांचा एकच होता. जातं ते माझं.

मी, घरातला धाकटा, वय तेवीस, परांची बांधणारा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात हे मृत्युपत्र करतो. लिही म्हणून कुणाचा दबाव नाही. लिहू नको म्हणून आहे.

एक. वर चढण्याआधी रोज मुकादम फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहितो, आम्ही ते रजिस्टरात उतरवून सही करतो: टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, माय बेल्ट इज सेफ. दोन वर्षं मी ते चित्रासारखं काढलं. गेल्या महिन्यात माझ्या खोलीतला वेल्डर पट्टा तुटून पडला, मेला. भरपाई मागायला आलेल्या त्याच्या बायकोला ऑफिसने रजिस्टरातलं त्याचंच अक्षर दाखवलं आणि हात हलवत परत पाठवलं.

ताईला फोनवर अर्थ विचारला. म्हणाली, "मला जेवढं ठाऊक आहे त्यावरून. तू पट्टा तपासलास का?"

"वेळ कुठे देतात!"

"मग कशाच्या जोरावर लिहितोस, गाढवा?"

दोन. म्हणून आजवरची माझ्या हातची अशी सगळी वाक्यं मी रद्द करतो. पट्ट्याचा अडकवायचा आकडा लागत नाही, हे मी हाताने पाहिलं आहे. गेल्या सोमवारपासून तेच शब्द नीट वापरतोय: टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, माय बेल्ट इज नॉट सेफ. मुकादम म्हणाला, "साहेब झालास का रे?" म्हटलं, "नाही, वाचायला लागलो." तरी चढतो; न चढणाऱ्याला त्याच दिवशी घरी धाडतात. रजिस्टरच्या पानांचे फोटो ताईकडे आहेत. मी पडलो तर आधी ते ऑफिसात आपटायचे, रडायचं नंतर.

तीन. माळ्यावरची माझ्या वाटणीची खोली ताईला. दादाने तिथली आपली पत्र्याची पेटी महिन्याच्या आत उचलावी.

चार. नट आवळायचे पाने, ओळंबा आणि बूट क्रेनवाल्याला. बूट त्याला होणार नाहीत, पण तो ऐकत नाही.

पाच. माझं सहावीचं प्रगतिपुस्तक, इंग्रजीत सात गुणांचं, दादाला. आल्यागेल्याला दाखवतो तोच, मालकीही त्याचीच असू दे.

आईला हे वाचून दाखवू नये.

साक्षीदार: क्रेनवाला, सही. खानावळीचा आचारी, अंगठा. त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवला.

ठिकाण: कामगारांची खोली, खालची कॉट. तारीख बारा, पगाराचा दिवस. सही माझी.

दादा, दर महिन्याच्या अकरा हजारांची या वेळी वाट पाहू नकोस. रजिस्टर खराब केलं म्हणून पगार कापला. पाठवतोय चार हजार दोनशे.