शेवटच्या कॉइलचे वेढे

प्रिय बाबा,

आज दांडी गावच्या हिराकाकी त्यांचा पंखा मागायला आल्या, म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेल्याला सतरा दिवस झाले. बोईसरचा आपला पंखे-मोटरी दुरुस्तीचा गाळा मी आजच उघडला.

"घाई नाय गो," त्या म्हणाल्या. "पण लेक बाळंतपणाला आलीय. पोर घामानं रडतं. झाला नसंल तर तसाच दे, दुसरीकडं दाखवते."

तसाच कसा देऊ? पंखा टेबलावर उघडा पडला आहे. तांब्याची तार गुंडाळून सगळ्या कॉइल भरून झाल्यात, शेवटची तेवढी अर्धी. तार अजून रिळातून तुटलेली नाही.

शेजारच्या गाळ्यात मोटरी भरणाऱ्या यादवजींना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बिटिया, पूरे कितने टर्न लगते हैं, वो मुझे पता है. पर तुम्हारे बाबा कहाँ तक पहुँचे थे, ये कौन बताए? खोलना पड़ेगा."

"अंदाजाने भरलं तर?"

"एक तरफ खिंचाव कम पड़ेगा. घर-घर करेगा, गरम होगा. उनके हाथ का पंखा बोलके ऐसा दोगी?"

आकडा कुठे लिहून का नाही ठेवलात, बाबा? घरातलं मीठ संपलं तरी भिंतीवर खडूने लिहायचात! तारेचे वेढे मात्र तोंडातल्या तोंडात मोजायचे.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी डबा घेऊन आले होते. दोनदा हाक मारली. तुम्ही मान न उचलता नुसता हात वर केलात. मी चिडले. "त्या तांब्याशीच बोला," म्हणाले आणि पालघरला कॉलेजात शिकवायला निघून गेले. संध्याकाळी डबा भरलेलाच होता. माझ्या हाकेने तुमची मोजणी चुकली होती का? पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती का? की मधेच छातीत दुखलं, आणि तरी तुम्ही मोजतच राहिलात?

मी सात-आठ वर्षांची असेन. पंख्यात चुंबक शोधत होते. तुम्ही हसलात. "चुंबक आणायचं नसतं गो. लोखंडावर तार गुंडाळायची, वीज सोडायची. लोखंडच चुंबक होतं. वीज गेली, की परत साधं लोखंड."

"मग वीज कुठून येते?"

"तारापूरच्या वीजकेंद्रात उलटं करतात. तिकडं चुंबक फिरवतात, तारेत वीज येते. आपल्याकडं ती वीज तारेत शिरते, आन पंखा फिरतो."

दाराची घंटा, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांत हेच, असं तुम्ही दाखवत गेलात. मी कंटाळून पुस्तक उघडलं. एकदा तरी बोटांत तार धरायला हवी होती. पुस्तकांनी मला पुष्कळ शिकवलं. ह्या टेबलासमोर त्यातलं काहीच कामाला येत नाही.

ती अर्धी कॉइल मी तीन वेळा हातात घेतली. तुम्ही ओढलेली तार अजून ताणलेली आहे. ती सैल करायची? तुमच्या हातचं हे शेवटचं, आणि तेच मी मोडायचं? दुसरा रस्ता असेल तर सांगा ना! सांगणारं कोणी नाही.

बाबा, उद्या ती कॉइल मीच सोडेन. एकेक वेढा मोठ्याने मोजेन. तुम्ही कुठवर आला होतात ते कळेल. ते कळून मी काय करणार, ठाऊक नाही. मग यादवजींना शेजारी बसवून तीच तार पुन्हा भरेन, पुरी.

पंखा घेऊन दांडीला मी स्वतः जाईन. छताला लावेपर्यंत थांबेन. बटण मात्र हिराकाकींनाच दाबायला सांगेन. माझ्याने होणार नाही.

तुमची,
सुमन