लेकरं न चालणारं जहाज

आई, काल उमरग्यात सहलीच्या ऑफिसात मी तुझंच खोटं बोलले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून समुद्रातल्या मोठ्या जहाजावर चार दिवस जाऊ, असं यांच्या मनात आलं. काउंटरवरच्या मुलीनं दोन पुस्तिका पुढं ठेवल्या. एका जहाजावर घसरगुंड्या, लेकरांचं वेगळं जेवण, दिवसभर गलका. दुसऱ्यावर अठराच्या आतल्या कुणालाच घेत नाहीत. मी थक्कच झाले. "लेकरं न्हाईत त्यांच्यासाठी येगळं जहाज?" "व्हय काकू, लई शांत असतंय. तिथं कुणी कुणाला काय इचारत न्हाय." अशी जागा जगात आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळावं. मग तिनं विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" मी म्हणाले, "दोन." हे माझ्याकडं बघतच राहिले. मुलीनं शांत जहाजाची पुस्तिका बाजूला सरकवली.

तेर गावाला जाणारी बस आठवते तुला? वहिनीच्या माहेरी डोहाळजेवणाला आपण निघालोय. शेजारच्या सीटवरची बाई मला लेकरं किती विचारतेय आणि मी तोंड उघडायच्या आत तू सांगतेस, "दोन हायत, शाळंत गेलीत." उभ्या जन्मात खोटं न बोललेली तू. ती बाई नेमकी त्याच घरी निघाली होती. ओटी भरायला तिनं सगळ्यांत आधी मला पुढं ओढलं, "ये गं, लेकुरवाळी तू." हातात नारळ धरून भरल्या घरात मी म्हणाले, "मला लेकरू न्हाय. आई खोटं बोलली." तुझा चेहरा खर्रकन उतरला. परतताना तू एवढंच म्हणालीस, "तुला कुणी इचारलं की माझ्या पोटात कालवतंय गं." मी वर्षभर माहेरी फिरकले नाही. वाटलं, तुला माझी लाज वाटते. काल "दोन" म्हणताना मला कसलीच लाज नव्हती, नुसतं पोटात कालवलं होतं. हे कळायला मला तू गेल्यावरही इतकी वर्षं लागली.

हे पत्र येताना उचलून आणलेल्या त्या शांत जहाजाच्या पुस्तिकेत ठेवतेय. मला तेच जहाज हवं होतं. खरं काय ते सांगायला आज सकाळी काउंटरवरच्या त्या मुलीला फोनही केला. पण माझं बोलणं सुरू व्हायच्या आत तिनं घसरगुंड्यांच्या जहाजाच्या फॉर्मसाठी मुलांची नावं विचारली. आई, मी इतकी वर्षं मनात जपलेली दोन्ही नावं सांगितली, आणि एकदाही अडखळले नाही.