नुसतं पाणी

॥ श्री ॥

अग्रहार, म्हैसूर
माघ शु॥ ७, शके १८३७

तीर्थस्वरूप लक्ष्मीदेवी अक्का यांचे सेवेशी,
गुंडुरावाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं.

नरसीपुराहून तुम्ही पाठवलेला संक्रांतीचा तीळगुळाचा एळ्ळु-बेल्ला पोचला. शेजारच्या शकुंतलाबाईंनाही दिला. लढाईमुळे जर्मनीचा रंग यायचा थांबला, तेव्हापासून पुन्हा मंजिष्ठेच्या लाल रंगाला मागणी आली आहे. मला तर बाटलीतल्या रंगाचीच सवय. जुनी मापं तुमच्या बाबांनी तुम्हा दोघी बहिणींत कमलाक्षीलाच शिकवलेली. ती खाटेवरून सांगते आणि मी लिहून घेतो. परवा लाल रंग काळपट आला, तर तिनं कापड डोळ्यांपाशी धरायला लावलं आणि म्हणाली, "तुरटी कमी पडली." खरंच कमी पडली होती.

तिची प्रकृती आहे तशीच. पाय तुम्ही पाहिलेच आहेत. दिवाळीपासून हातही उठत नाहीत. बोलणं सावकाश झालं आहे, पण मला कळतं. जेवण हल्ली थोडं कमी आहे. काळजीचं काही नाही.

तुम्ही येऊन राहते म्हणालात. आत्ता नको, अक्का. ओटीभर रंगाचे रांजण मांडलेत, पाय ठेवायला जागा नाही. शिमग्यानंतर सवडीनं या.

तिचा नमस्कार. ती म्हणते, "अक्काला लिहा, मी जेवते."

आपला आज्ञांकित,
गुंडुराव



॥ श्री ॥

अग्रहार, म्हैसूर
फाल्गुन व॥ ५, शके १८३७

तीर्थस्वरूप अक्कांच्या चरणी गुंडुरावाचा साष्टांग नमस्कार.

तेराव्यानंतर तुम्ही गेलात त्याला आज दोन आठवडे झाले. तुमची शाल इथं राहिली आहे, ती धुऊन ठेवली. मंजिष्ठेचा दुसरा घाणा बरा उतरला. इकडे ऊन तापू लागलं आहे.

याहून जास्त इकडचं तिकडचं लिहिता येत नाही.

गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, "माझ्या पोरीला उपाशी मारलंस." सगळी गल्ली ऐकत होती. शकुंतलाबाईंनी विहिरीवर तुम्हाला जे सांगितलं ते खरंच होतं. एकोणीस दिवस या घरात तिनं अन्नाचा घास घेतला नाही. माघातलं माझं पत्र खोटं होतं. ते लिहिलं त्या दिवशी तिनं अन्न सोडून दोन दिवस झाले होते.

कसं झालं ते क्रमानं सांगतो.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मी तिला दहीभात भरवत होतो. अगदी मऊ, मिरचीसुद्धा नाही. तिसरा घास घशात अडकला. तिचा चेहरा निळा पडला, डोळे वर गेले. मी तिला पालथी केली, तोंडात बोटं घातली, पाठीवर मारलं. घास निघाला. मी तिचं तोंड पुसलं आणि उरलेला भात बाहेर नेऊन टाकला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे मागंच सांगून ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी तिचा पाय उंबऱ्याला अडखळू लागला तेव्हाच ते म्हणाले होते, हे पायापासून वर चढेल, गळ्याशी येईल, याला औषध नाही. तुम्हाला मी यातलं अर्धंच कळवलं होतं.

त्यानंतर तीन आठवडे ती रोज थोडं थोडं कमी जेवली. वसंतपंचमीच्या सकाळी मी वाटी घेऊन गेलो, तर तिनं ओठ मिटून घेतले. म्हणाली, "साकु."

मला वाटलं, त्या वेळेपुरतं पुरे म्हणते आहे. दुपारी पुन्हा गेलो.

"साकु म्हटलं ना. आता रोजचंच साकु."

एवढं बोलायलाही तिला किती वेळ लागायचा, तुम्ही पाहिलंत ना दसऱ्यात? एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मी पुष्कळ बोललो. डॉक्टर आणतो म्हणालो, अंबाभवानीला नवस बोलतो म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमच्या हातच्या घासानं मी गुदमरून गेले, तर तुम्ही पुढं कधी जेवणार नाही. मला ठाऊक आहे तुम्हाला."

मी म्हटलं, "माझ्यासाठी मरतेस होय?"

"नाही. मला तसं मरायची भीती वाटते. आणि आज सांगता येतंय. महिन्यानं जीभ गेली, तर तुम्ही भरवत राहाल आणि मला नको म्हणतासुद्धा येणार नाही."

मी वाटी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, अक्का.

तिनं दोन गोष्टी मागितल्या. तहान लागली तर चमच्यानं नुसतं पाणी द्यायचं. आणि अक्काला कळवायचं नाही. मी हो म्हणालो. मनातून म्हणालो नव्हतो. चार दिवसांत भूक लागेल, मग मागेल, असं धरून चाललो होतो.

तिनं मागितलं नाही. म्हणून मी फसवलं. पाण्यात भाताची पातळ पेज गाळून, थोडी खडीसाखर विरघळवून द्यायला लागलो. दिसायला पाणीच. तिला जरा हुशारी वाटू लागली आणि मी मनात खूश झालो. एके दिवशी ती मला म्हणाली, "ओटीवरचा तिसरा रांजण उघडा राहिलाय, वास येतोय." मी उड्या मारत गेलो झाकायला. वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी चमचा पुढं केला तर तिनं विचारलं, "किती दिवस?"

"कसले किती दिवस?"

"पेजेचे."

रंगाऱ्याची मुलगी ती. कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या रंगाला चालेल हे जिभेवर घेऊन सांगणारी. तिला पहिल्याच चमच्याला कळलं होतं. मी आपण होऊन सांगतो का, याची वाट बघत तीन दिवस ती ते पीत राहिली होती.

मग आम्ही भांडलो. चौदा वर्षांच्या संसारात मी तिच्यावर ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. म्हणालो, "तू मला टाकून निघालीस, आणि खोटा मी?" घरात मूल नाही, आईवडील नाहीत, तू गेल्यावर मी कुणाशी बोलू, असंही म्हणालो. ती रडली. तिचे डोळे पुसायला तिचा हात उठत नव्हता, म्हणून मीच पुसले आणि पुन्हा ओरडलो. शेवटी दमलो आणि खाटेपाशी बसलो.

ती म्हणाली, "हात, पाय, सगळं गेलं. माझा शब्द तेवढा उरलाय. तो तरी ऐका."

मी उठलो, पेज मोरीत ओतली, विहिरीचं पाणी आणलं. तिनं चाखलं आणि मान हलवली. त्यानंतर मी तिला फसवलं नाही.

पुढचे दिवस शांत गेले. वास फार सहन होईना, म्हणून मी रांजण मागल्या अंगणात नेले. दुपारी तिला उन्हात ठेवायचो. मापं राहिली होती ती तिनं सांगून पुरी केली. शेवटी शेवटी शब्द नीट येईनात, मग मी विचारायचो आणि ती डोळ्यांनी हो-नाही करायची. तिसऱ्या आठवड्यात झोपच जास्त. माघ वद्य नवमीला सकाळी मी केस विंचरत होतो, तेव्हा गेली. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मी वेणी पुरी घातली.

आता जे लिहायचं टाळत इथवर आलो ते.

तुम्हाला का बोलवायचं नाही, असं मी तिला विचारलं होतं. मला वाटलं, तुम्ही रागवाल म्हणून असेल. तसं नव्हतं. ती म्हणाली, "आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची. अक्कानंच भरवलं मला. अक्कानं घास पुढं धरला तर माझं तोंड आपोआप उघडेल. मला तिला नाही म्हणता यायचं नाही."

म्हणजे जिच्यामुळे ती जेवली असती असं एकच माणूस जगात होतं, आणि ते वीस मैलांवर होतं, हे मला ठाऊक होतं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी तार हापिसात गेलो. कागद घेतला. तुमचं नाव लिहिलं, 'ताबडतोब या' लिहिलं. मागची माणसं खोळंबली. मी कागद फाडला आणि घरी आलो. तिला सांगितलंसुद्धा नाही.

तुम्ही आला असतात तर ती महिनाभर, दोन महिने जगली असती. मग एखादा घास तुमच्या हातून अडकला असता. पण हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, नंतर आला. म्हणून तो सबब म्हणून पुढं करत नाही. तेव्हा एवढंच होतं, की एकदा फसवलं होतं, पुन्हा फसवायचं नव्हतं.

तिच्या निर्णयाचा राग तिच्यावर धरू नका. तुमचं तोंड न बघता ती गेली, ते मी ठरवलं. तो राग माझा. तो मी बरोबर घेऊन फिरेन, कमी करून मागत नाही.

या पत्राला उत्तर लिहू नका. युगादीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीनं निघतो, संध्याकाळपर्यंत नरसीपुरात तुमच्या दाराशी पोचेन. काय बोलायचं ते तोंडावर बोला. दार लावलंत तर संगमावर जाऊन बसेन आणि सकाळी पुन्हा येईन.

तुमच्या कमळीचा,
गुंडुराव