पलीकडच्या वस्तीवरची रेघ

३ जानेवारी, सोमवार

शहराच्या विकास आराखड्यासाठी आमचं नगररचना कार्यालय आठ सभा घेणार, त्यातली पहिली झाली. घसा बसलाय! शाळेच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली साडेतीनशे. वीस वर्षांत शहर दुप्पट होणार, तर ते कुठे आणि कसं वाढावं हे लोकांनाच विचारू या – ही कल्पना माझी. साहेब तेव्हा म्हणाले होते, "लोकांना विचारलं की लोक बोलतात, बाई. आणि मग ऐकावं लागतं."

भिंतभर नकाशा लावला. प्रत्येकाच्या हातात गोल स्टिकर – जे हवं तिथे लावा. आजोबा मंडळी नाक टेकवून स्वतःचं घर शोधत होती. एका बाईने बाग मागितली, दुसरीने तिला गप्प करून संडास मागितले. मजा आली. खरंच मजा आली.

पश्चिमेच्या नव्या रस्त्यावर गाडी आली तेव्हा मात्र माझी मजा संपली. पर्याय दोनच. एक तळ्याच्या काठाने. दुसरा पलीकडच्या वस्तीतून. दोन्ही रेघा माझ्याच हातच्या. दुसऱ्या रेघेखाली एकोणचाळीस घरं जातात.

डावीकडून नववं ताईचं.

हे हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. असायचं कारणही नाही, म्हणा.

५ जानेवारी

ताईचा फोन. "धाकटे, नवी कलमं धरलीत, बघायला ये." कामात आहे म्हटलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

१२ जानेवारी, बुधवार

वस्तीतली सभा आज होती. गेले नाही. सख्खी बहीण जिथे राहते तिथली सभा मीच घेणं बरं दिसणार नाही, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली – "असा तटस्थपणा हवा!"

माझ्याऐवजी मोजपट्टीकाका गेले. आमचे आरेखक. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. खिशात सहा इंची पट्टी नसेल तर त्यांना उघडं वाटतं. बारा वाजता परत हजर!

"दोन जण आले, मॅडम. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसरा नळाची तक्रार घेऊन आला होता. बुधवारी सकाळी अकराला कोण येणार हो? सगळी कामावर."

वेळ कुणी ठरवली होती, ते त्यांनी विचारलं नाही. भला माणूस.

२ फेब्रुवारी

आठही सभांची मोजणी संपली. मत दिलेली माणसं अकराशे चौदा. तळ्याच्या बाजूने दोनशे साठ, वस्तीच्या बाजूने आठशे चोपन्न. तळं सगळ्यांचं – तिथे सकाळी सगळे चालायला जातात. वस्ती फक्त वस्तीतल्यांची.

"लोकांनी कौल दिलाय!" साहेब खूश. आराखड्यावर दुसरी रेघ पक्की झाली. मी शाई दिली.

आता ताईला सांगायला हवं. उद्या.

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई एकोणीसची. माझी दहावी होईपर्यंत लग्न करणार नाही म्हणून अडून बसली. स्थळं यायची, ही दारातूनच परत पाठवायची. लोक म्हणायचे, हिचं काही जमत नाही. तिने एकदाही खरं कारण सांगितलं नाही – माझ्या डोक्यावर ओझं नको म्हणून. पुढे दाजी भेटले. दोघांनी मिळून एकेक खोली वाढवली, मागे रोपवाटिका लावली. दाजी गेल्यावरही ती तिथून हलली नाही. आता लेक-जावई तिच्याजवळच राहतात.

अशा बाईला कुठल्या तोंडाने सांगू?

९ फेब्रुवारी

आराखडा प्रसिद्ध झाला. मुख्य कार्यालयाच्या तळमजल्यावर नकाशा लावलाय.

दुपारी जिना उतरत होते. ताई! कार्यालयाच्या कुंड्यांसाठी रोपं पोचवायला आली होती, हाताला ओली माती. नकाशापुढे उभी. मी तिथेच, मधल्या पायरीवर थबकले. तिने डावीकडून घरं मोजायला सुरुवात केली. नकाशाला माती लागू नये म्हणून बोट काचेपासून थोडं दूर धरून. एक, दोन, तीन… नवव्या घरावर बोट थांबलं. मग तिने परत पहिल्यापासून मोजलं.

मग कोपऱ्यात वाकली. तिथे लिहिलंय, आखणी कुणाची ते.

मला फक्त अकरा पायऱ्या उतरायच्या होत्या. उतरले नाही. वर गेले आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

१० फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

११ फेब्रुवारी

नाहीच.

१९ फेब्रुवारी

भाचीचा मेसेज – "मावशी, आईला थोडे दिवस सोड. जेवते, कामं करते. पण तुझं नाव काढलं की उठून जाते."

३ मार्च, गुरुवार

हरकतींची सुनावणी. टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघे, समोर एक खुर्ची. सकाळपासून माणसं येत होती. एकाची हरकत बागेला, एकाची बसथांब्याला, एकाची चक्क शेजाऱ्याला!

शिपायाने एकशे बारा नंबर पुकारला. ताई आली. इस्त्रीची साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घराचे कागद. माझ्याकडे पाहिलं, जसं कुठल्याही खिडकीतल्या बाईकडे पाहतात तसं.

"बोला," साहेब म्हणाले.

"बोलायचं एकच आहे, साहेब. आम्हाला कुणी विचारलं नाही. घर जाणार ते जाणार, पण शहराला विचारलं आणि आम्हाला नाही. आम्ही शहरात नाही का?"

साहेबांनी फाईल चाळली. "बारा जानेवारीला तुमच्याकडे सभा झाली की. नोंद आहे."

"कितीला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अकराला," मी म्हटलं. एवढासा आवाज निघाला.

ताई हसली. ते हसू मी विसरणार नाही. "अकराला मी रोपांना पाणी घालत असते," ती म्हणाली. "या मॅडमना माहीत आहे."

मॅडम.

पिशवी उचलली आणि गेली. पुढचा नंबर पुकारला. मी तो लिहून घेतला. त्यापुढचाही. संध्याकाळपर्यंत सगळे लिहून घेतले.

४ मार्च

निदान इथे तरी लिहिते. ती वेळ मीच ठरवली होती. तटस्थपणा वगैरे सगळं झूठ. मला भीती होती, ताई सभेला येईल आणि सगळ्यांसमोर म्हणेल – धाकटे, ती रेघ जरा सरकव. आणि मला नाही म्हणावं लागेल. ते टाळायला मी एकोणचाळीस घरांचं तोंड बंद केलं. बाकी सातही सभा रविवारी नाहीतर संध्याकाळी घेतल्या. ही एकच सकाळी अकराला.

७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत होते.

"हे माझ्या कानावर आलंच नाही असं समजू या का, बाई?"

"लेखी आणलंय."

कागद पुढे केला. त्यांनी वाचला. वर पाहिलं तर चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. राग परवडला असता.

१० मार्च

मला आराखड्याच्या कामावरून काढलं. चौकशी लागेल. बढती विसरायची. पण वस्तीत पुन्हा सभा होणार – रविवार २७, संध्याकाळी पाच. घरागणिक एक चिठ्ठी, नाव न लिहिता: रस्ता हो की नाही, आणि खाली कारण. वस्ती नाही म्हणाली तर रेघ तळ्याकडे जाईल, असं साहेबांनी लेखी दिलंय.

बावीस वर्षांची नोकरी डागाळली, आणि मी आज पोटभर जेवले!

१३ मार्च

ताईकडे गेले. मागच्या अंगणात पिशव्यांत माती भरत होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मीही भरायला बसले. माझा कबुलीजबाब वस्तीत आधीच पोचला होता. वीसेक पिशव्या झाल्यावर बोलली.

"नोकरीवर आलंय म्हणे तुझ्या."

"होईल काहीतरी."

"मला एक सांग. तुला काय वाटलं – मी येऊन रेघ सरकव म्हणेन?"

मी पिशवीत माती दाबत राहिले.

"इतकी वर्षं वाढवलं गं तुला. आणि एवढंच ओळखलंस मला?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडले तरी असते. रडले तर म्हणाली, "मातीत नको रडू, पिशव्या चिकट होतात." आणि पुढची पिशवी माझ्याकडे सरकवली.

माफ केलं की कामाला लावलं, कळलं नाही.

२७ मार्च, रविवार

सभेला गेले, मागे उभी राहिले. वस्ती झाडून आली होती. ताई पहिल्या रांगेत. बोलायलाही तीच पहिली उठली, आणि काय बोलली! ही घरं आम्ही हातांनी बांधली. कुणाला दुखलं-खुपलं तर इथे दार वाजवावं लागत नाही, दारं उघडीच असतात. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकली!

मग भाची उठली.

"आई बोलली ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण मला रस्ता हवाय."

पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली.

"दोन वर्षांपूर्वी माझे दिवस भरले होते. ॲम्ब्युलन्स आळीत शिरेना. मला खाटेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. आईने खाटेचा एक पाय धरला होता. पोचलो तोवर बाळ…" तिला पुढचं बोलता येईना. मग सावरून म्हणाली, "आई, तुला इथे बाबांच्या हातचं घर दिसतं. मला ती खाट दिसते. पर्यायी घरं मिळणार असतील तर मला जायचंय. आणि मी एकटी नाही. आम्ही तुझ्यासमोर बोलत नाही, एवढंच."

मी मागून माना मोजायला लागले – खाली घातलेल्या माना. जवळजवळ सगळ्या तरुण पोरापोरींच्या.

ताई वळली नाही. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती आजवर सगळ्यांच्या वतीने बोलत आली. माझ्याही वतीने. आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणाली होती – आणि तिच्याच घरात तिने विचारलं नव्हतं.

मी ही सभा तिच्यासाठी मागून घेतली. तिला हे ऐकवायला!

चिठ्ठ्या घरी नेऊन लिहायला दिल्या, आठपर्यंत पेटी भरली. ताई स्वतःची चिठ्ठी टाकायला सर्वांत शेवटी आली. माझ्या जवळून गेली, थांबली नाही.

२८ मार्च, सोमवार

मोजणी झाली. मोजपट्टीकाका चिठ्ठ्या उघडत होते, मी साहेबांच्या परवानगीने फक्त साक्षीदार म्हणून बसले होते. त्यांनी टेबलावर दोन रबर काढून ठेवले – एक 'हो'च्या गठ्ठ्याला, एक 'नाही'च्या.

दुसरा लागलाच नाही. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस.

शेवटची चिठ्ठी ताईच्या अक्षरात. वर – हो. खाली कारणाच्या जागी – मुलगी म्हणते तेच.