गोधडीचा घास

बारामती, रविवार, ८ डिसेंबर १९९६

बावड्याच्या हिराबाईंकडून गोधडी आणली. माझ्या संग्रहातली सगळ्यात देखणी. कामगारांच्या जुन्या खाकी कपड्यांचे तुकडे आणि मध्येच एक लालभडक चौकोन. असलं धाडस आजवर कुणाच्या गोधडीत पाहिलं नाही. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, कडेपासून वळत वळत त्या लाल चौकोनापर्यंत आलेले. पण चौकोन एका बाजूनं उघडाच, सुईदोरा तसाच लटकत ठेवलेला.

"हे राहिलं की," मी म्हणालो.

"राहिलं न्हाय, ठिवलंय. घरच्या भाकरीचा घास आत घाला, मग शिवा. उपाशी गोधडी ऊब देती व्हय?"

"मी भिंतीवर लावणार आहे."

त्या हसल्या. "भिंतीला थंडी वाजती व्हय, तात्या?"

एसटीत तेच डोक्यात. चिडलोही. घरची भाकरी आणू कुठून? ही गेल्यापासून खानावळीचा डबा येतो. डब्यात आज भाकरी होती, पण ती घरची कशी म्हणायची? तशीच टांगली असती तर कुणाला कळलं असतं?

शेवटी शेजारून वाटीभर पीठ आणलं. पहिली भाकरी थापतानाच मोडली, दुसरी जमली. घास आत ठेवून लाल चौकोन शिवला. हिराबाईंच्या टाक्यांशेजारी माझे टाके म्हणजे दारुड्याची चाल. भिंतीत खिळा कालच ठोकलाय, पण टांगायला हात धजेना. गोधडी मांडीवर घेऊनच उरलेली भाकरी चटणीशी खाल्ली.

बऱ्याच दिवसांनी या घरात दोघं जेवलो.